गर्दी पुष्कळ, गोतावळा कुठे?

आपल्या शहरात ॲनिमे पाहणारी, के-पॉपवर नाचणारी, मार्व्हलच्या सिनेमाला पहिल्या दिवशी धावणारी, गेमिंगमध्ये रात्र जागवणारी मुले भरपूर आहेत. त्यांचा म्हणावा असा समाज मात्र छत्रपती संभाजीनगरात नाही, ही तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. तिच्यावरचा उपायही ठरलेला. मोठे सभागृह घ्या, मुंबईहून एखादा यूट्यूबर किंवा नट आणा, एखादा बिल्डर प्रायोजक म्हणून गाठा, कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राच्या पोशाखाची, स्पर्धा ठेवा, तिकिटे लावा. एकदा कार्यक्रम झाला की समाज आपोआप उभा राहील. कार्यक्रम पडलाच, तर निष्कर्षही तयार असतो: ‘या शहरात रसिकच नाहीत, हे सगळं पुण्या-मुंबईकडे चालतं.’

हा उपाय उथळ आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. कार्यक्रमातून चाहत्यांचा समाज जन्माला येत नाही. दोन कार्यक्रमांच्या मधल्या काळात जी माणसे एकमेकांच्या कामी येतात त्यांचा समाज होतो. कार्यक्रम हा त्या समाजाचा वर्षाअखेरचा ताळेबंद. वर्षभर काही देवघेवच झाली नसेल, तर मांडणार काय? शिवाय असा समाज घडवण्याची रीत टोकियोहून किंवा अमेरिकेतून मागवण्याचे कारण नाही. ती या शहरात पूर्वीपासून वापरात आहे. फक्त ती सुपरहिरो आणि ॲनिमेच्या कामीही येईल, हे आपल्याला सुचलेले नाही.

1. गर्दी दिसते, तयारी दिसत नाही

क्रांती चौकाला गर्दीचे अप्रूप नाही. 1857च्या उठावात सामील झालेल्या सैनिकांना ज्या काळ्या चबुतऱ्यापाशी मृत्युदंड दिला गेला, ती ही जागा. फेब्रुवारी 2022मध्ये शिवछत्रपतींच्या नव्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा मध्यरात्री अर्धे शहर इथे उभे होते. चबुतऱ्यासह हा पुतळा 52 फुटांचा आहे. शिवजयंती, क्रिकेटमधला मोठा विजय, निवडणुकीचा निकाल, एखादे धरणे, काही ना काही चालूच असते. तेव्हा ‘आपल्याकडे माणसे जमत नाहीत’ हे विधान निदान या चौकात उभे राहून कुणी करू नये.

पण या गर्द्या एका जातीच्या नाहीत. विजयाच्या रात्रीची गर्दी दोन तासांत विरते. ज्याच्या खांद्यावर हात टाकून नाचलो त्याचे नाव दुसऱ्या दिवशी आठवत नाही. शेजारून जाणाऱ्या ढोलपथकाचे तसे नसते. त्याच्या मागे सरावाच्या संध्याकाळी असतात. ढोल कुठे ठेवायचे, पाने कोण ताणणार, नव्या मुलाला ठेका कोण शिकवणार, मुलींना घरी कोण सोडणार, हे सगळे ठरलेले असते. मिरवणूक संपल्यावरही ती माणसे एकमेकांची राहतात. 9 ऑगस्ट 2016 रोजी मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा याच चौकातून निघाला. त्याच्या मागण्यांबद्दल कुणाचे मत काहीही असो, इतकी माणसे घोषणा न देता चालली ती गावोगावच्या बैठकांमुळे आणि नेमून दिलेल्या स्वयंसेवकांमुळे. बाहेरून पाहणाऱ्याला गर्दी दिसली. बैठका दिसल्या नाहीत.

कन्व्हेन्शन, म्हणजे चाहत्यांचा मेळा, भरवू पाहणाऱ्यांची गफलत इथेच होते. त्यांनी मुंबईतल्या किंवा परदेशातल्या मेळ्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात, आणि व्हिडिओत रोषणाई, पोशाख, रांगा एवढेच येते. जे दिसते त्याची नक्कल होते. जे दिसत नाही ते राहून जाते, आणि नेमके तेच निर्णायक असते.

2. जिथे ग्राहक नसतो

जगातल्या मोठ्या मेळ्यांची सुरुवात पाहिली तर हे लख्ख दिसते. टोकियोतला कॉमिकेट हा हौशी चित्रकथाकारांचा मेळा डिसेंबर 1975मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात 32 गट आणि सुमारे 700 माणसे होती. कोविडच्या आधी, 2019च्या हिवाळ्यात, चार दिवसांत साडेसात लाखांच्या आसपास माणसे आली. या वाढीचे गमक मला एका तत्त्वात दिसते. कॉमिकेट कुणालाही ‘ग्राहक’ मानत नाही. टेबल मांडून स्वतःची पुस्तिका विकणारा, ती विकत घेणारा आणि रांग सांभाळणारा, तिघेही सहभागी. म्हणून नियम पाळणे आणि जागा स्वच्छ ठेवणे ही तिघांचीही जबाबदारी. तिकीट काढून आलेला माणूस ‘पैसे दिलेत, आता मला रिझवा’ म्हणतो. सहभागी म्हणून आलेला ‘माझं काम काय?’ असे विचारतो.

सॅन डिएगोचे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे आहे. तिथला कॉमिक-कॉन मार्च 1970मध्ये एका हॉटेलात शंभरेक माणसांच्या एकदिवसीय मेळाव्याने सुरू झाला. अमेरिकेतल्या कॉमिक्सचे मोठे प्रकाशक तेव्हा न्यूयॉर्कला होते, सिनेमा लॉस एंजेलिसला होता. सॅन डिएगो हे नौदलाचे गाव. धंदा दुसरीकडे असलेल्या शहरातल्या थोड्या माणसांनी, त्यांत शाळकरी पोरेही होती, हा उद्योग आरंभला. उद्योगनगरी नसणे ही अडचण असेल, पण तिला सबब करता येत नाही.

यावरून मी एक कसोटी काढतो. ज्या मेळ्यात मंचावर न जाणाऱ्या माणसालाही काही काम असते, तिथे समाज आहे. जिथे मंचाखालच्या माणसाला टाळ्या वाजवणे आणि रील काढणे एवढेच उरते, तिथे प्रेक्षागृह आहे. प्रेक्षागृह वाईट नसते, त्याला समाज म्हणू नये इतकेच.

3. ही रीत घरचीच

‘कन्व्हेन्शन ही पाश्चात्त्य कल्पना, आपल्या मातीत कशी रुजणार?’ असे विचारणाऱ्यांना एक तारीख सांगावी. ‘जागतिक’ म्हणवणारे पहिले विज्ञानकथा संमेलन न्यूयॉर्कला जुलै 1939मध्ये भरले. लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन पुण्याला भरवले ते मे 1878मध्ये, म्हणजे एकसष्ट वर्षे आधी. एका आवडीने बांधलेल्या अनोळखी माणसांनी वर्षातून एकदा एका गावी जमायचे, अध्यक्ष निवडायचा, ठराव करायचे, पुस्तके विकायची, भांडायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे, ही मराठी माणसाची जुनी खोड आहे. त्यातूनच पुढे आलेले साहित्य संमेलन आपल्या शहरानेही 1957मध्ये भरवले. अनंत काणेकर अध्यक्ष होते.

साहित्य संमेलन हे उच्चभ्रूंचे, पॉप कल्चर सामान्यांचे, असे कुणी म्हणेल. मग मराठी विज्ञानकथा पाहा. मराठी विज्ञान परिषद 1966मध्ये स्थापन झाली आणि तिने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. स्पर्धा म्हणजे काय, तर पोस्टाने आलेली हस्तलिखिते, ती वाचणारे परीक्षक आणि बेताचे बक्षीस. झगमगाट नाही. 1974च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले बक्षीस मिळाले. ते नाव जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटी करून घेतले होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली, आणि 2021च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच गेले. जगन्मान्य शास्त्रज्ञाला खोट्या नावाने उतरावेसे वाटले, कारण त्या स्पर्धेत नावापेक्षा कथा मोठी होती. आजच्या मेळ्यांत सगळा भर नावावर. आधी पाहुणा ठरतो, मग विषय.

त्याहून जवळचे उदाहरण शहरातल्याच नागसेनवनातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केले. नियतकालिके पुष्कळ निघतात आणि बंद पडतात. ‘अस्मितादर्श’ टिकले आणि त्याच्याभोवती दलित साहित्याची पिढी उभी राहिली, यात त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांचा वाटा फार मोठा आहे. नावातच लेखक आणि वाचक शेजारी आहेत. वाचणाऱ्याने उद्या लिहावे ही अपेक्षा गृहीत होती, आणि अनेकांनी ती पुरी केली. हा विषय पॉप कल्चरचा नव्हे, हे मला कळते. त्यामागची वेदना आणि जोखीम यांची बरोबरी सुपरहिरोच्या आवडीशी करण्याचा प्रश्नच नाही. पण तुटपुंज्या साधनांत, राजधानीपासून दूर, समान ध्यास असलेली माणसे शोधून त्यांना एकमेकांसमोर कसे आणायचे, याचा धडा याच शहरात लिहिला गेला आहे.

मुशायऱ्याबद्दल तर काय सांगावे! वली आणि सिराज या जुन्या शायरांचे हे शहर. अलीकडच्या काळातले सिकंदर अली वज्द, बशर नवाज ही नावे इथलीच. मुशायऱ्यात ऐकणारा गप्प बसला तर मैफल मरते. दाद द्यायची, शेर पुन्हा म्हणायला लावायचा, फसलेल्या ओळीवर थंड राहायचे, हे श्रोत्याचे काम आणि तेही शिकावे लागते. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या वेळी पुण्यात ‘अरे आव्वाज कुणाचा’ म्हणून नाट्यगृह दणाणून सोडणारी महाविद्यालयीन पोरे तेच करतात. 1963पासून चाललेली ती स्पर्धा नटांइतकीच बॅकस्टेजला खिळे ठोकणाऱ्यांनी टिकवली आहे. आणि पोशाखाचे म्हणाल, तर पैठण इथून तासा-दीड तासावर आहे. नाथांच्या भारुडात सोंग घेऊन उभा राहणारा माणूस कॉस्प्लेवाल्या पोराला पाहून दचकणार नाही. दचकतो ते आपण, मधले.

4. माणसे घडतात आणि जातात

मग अडते कुठे? या शहराची खरी दुखरी नस गळती आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, अभय जोशी, प्रतीक्षा लोणकर ही मंडळी इथल्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतली. 1980च्या दशकात तो गट मुंबईला गेला आणि पुढे दळवींचे ‘चारचौघी’ कुलकर्णींच्या दिग्दर्शनात सबंध महाराष्ट्राने पाहिले. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडून मुंबई गाठणाऱ्यांची यादी तर लांबच लांब आहे. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कलावंताने काम असेल तिथे जावे.

मात्र आपण केवळ कलावंत घडवण्याचा विचार केला. कलावंत गेल्यावर मागे राहणारी माणसे, म्हणजे प्रकाशयोजना सांभाळणारा, तिकिटे खपवणारा, पोशाख शिवणारी, तालमीला जागा मिळवून देणारा, नाटक संपल्यावर तासभर वाद घालणारा, यांना आपण ‘बाकीचे’ समजलो. चाहत्यांचा समाज म्हणजे हे बाकीचेच. त्यांना जाण्याची घाई नसते. नोकरी वाळूजला, घर सिडकोला, आवड कोरियन मालिकांची, असा माणूस इथेच राहणार आहे. त्याच्या भरवशावर दहा वर्षांचा बेत आखता येतो, जो उगवत्या ताऱ्याच्या भरवशावर आखता येत नाही.

5. पैशाची बाजू

पैशाबाबत दोन टोकाचे गैरसमज आहेत. सरकारने किंवा कंपनीने दिल्याशिवाय काही होत नाही, हा पहिला. वेरूळ-अजिंठा महोत्सवासारखा देखणा उपक्रम 2016नंतर वर्षानुवर्षे खंडित राहिला आणि फेब्रुवारी 2023मध्ये सोनेरी महालाच्या प्रांगणात पुन्हा सुरू झाला. मधल्या वर्षांत तो चालू ठेवावा असा हट्ट धरणारा संघटित प्रेक्षक त्याच्या मागे नव्हता. उलट अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने जानेवारी 2025मध्ये दहावी आवृत्ती पार पाडली, कारण इथल्याच संस्थांनी तो आपला मानला.

पैसा आला की सगळे मार्गी लागते, हा दुसरा. दिल्ली हाटमध्ये 2011 साली सुरू झालेला भारतीय कॉमिक कॉन 2024च्या सुरुवातीला नॉडविन गेमिंग या कंपनीने विकत घेतला. त्यात गैर काही नाही. धंदा म्हणून उभे राहिलेले धंदा म्हणून विकले गेले. पण विकता येते ते नाव, तारखा आणि करारमदार. मैत्री हस्तांतरित होत नाही. फ्रान्समधल्या अंगुलेमचा जगप्रसिद्ध चित्रकथा महोत्सव 1974पासून चालला आणि 2026ची आवृत्ती रद्द झाली, कारण व्यवस्थापनावर नाराज झालेल्या लेखक-चित्रकारांनी बहिष्कार टाकला. करणारी माणसे उठून गेली.

आपल्यापुरता हिशेब साधा आहे. समजा, दीडशे सभासदांनी महिना 50 रुपये वर्गणी दिली. वर्षाचे 90,000 होतात. एवढ्यात महिन्याला एक बैठक, दोन लहान प्रदर्शने आणि एक दिवसाचा मेळा आटोपशीर बसतो, मात्र पाहुण्याचे विमान आणि एलईडीची भिंत सोडून द्यावी लागते. वर्गणी, पावतीपुस्तक, जमाखर्च वाचून दाखवणारी सभा हे गणेश मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याला शिकवावे लागत नाही. गेमिंगवाल्या मुलांनी त्याच्याकडे एक दिवस शिकवणी लावावी.

6. दारात कोण अडते

समाज म्हटला की कुंपण आलेच, आणि कुंपणाचा विचार आधी केला नाही तर ते नको तिथे पडते. 1939च्या न्यूयॉर्क संमेलनातच सहा चाहत्यांना आत येऊ दिले गेले नाही, कारण आयोजकांशी त्यांचे राजकीय भांडण होते. आपल्याकडे 1885च्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले. ज्यांच्या हक्कांचा विचारच सभेने केलेला नाही त्यांनी तिच्यात का मिसळावे, हा त्यांचा सवाल होता. मराठीतल्या प्रत्येक संमेलनाला हा सवाल आजही लागू आहे आणि चाहत्यांच्या मेळ्याला त्यातून सूट मिळण्याचे कारण नाही.

इथे ही गोष्ट फार ठोस आहे. प्रवेश 800 रुपये ठेवला, तर शहरातला कोण आत येतो आणि कोण बाहेरून फोटो काढतो? सूत्रसंचालन सबंध इंग्रजीत चालले, तर किराडपुऱ्यातला दखनीत विनोद करणारा पोरगा आणि पैठणहून आलेली मराठी माध्यमाची मुलगी, दोघेही कोपऱ्यात जातात. कार्यक्रम रात्री दहाला संपला, तर निम्म्या मुली येणारच नाहीत, आणि ज्या येतील त्यांना घरी बोलणी खावी लागतील. पोशाख केलेल्या मुलीला विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हा नियम प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लावायचा आणि मोडणाऱ्याला बाहेर काढायचे धैर्य दाखवायचे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, सिटी बस जाते अशी जागा, पन्नास रुपये प्रवेश आणि तीन भाषांत सूचना: यात कल्पकता नाही, पण गोतावळ्याचा निम्मा चेहरा यावरच ठरतो.

7. आक्षेपांना उत्तर

सर्वांत वजनदार आक्षेप असा: ही पात्रे परक्या कंपन्यांची, सिनेमे त्यांचे, नफा त्यांचा. त्यांच्या नावाने मेळे भरवणे म्हणजे फुकटची जाहिरात, त्याला संस्कृती कसली म्हणायची? या आक्षेपात तथ्य आहे. नुसते टी-शर्ट आणि बाहुल्या विकणारा मेळा दुकानच असतो. पण चाहता निव्वळ घेणारा असतो हे खरे नाही. कॉमिकेटच्या टेबलांवर असतात त्या चाहत्यांनी स्वतः काढलेल्या पुस्तिका, आणि त्यांतून पुढे व्यावसायिक चित्रकथाकार निघाले. परक्या गोष्टीच्या प्रेमात पडून आपली गोष्ट रचणे हा जुना मार्ग आहे. 1964पासून इंद्रजाल कॉमिक्समधून ‘फँटम’ आपल्याकडे आला आणि मराठी मुलांनी त्याला वेताळ म्हणून दत्तक घेतले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे 1987ला दूरदर्शनवर आणि 2017ला मोठ्या पडद्यावर आला. या दोघांवर जीव टाकणारे आज पन्नाशीत-साठीत आहेत, आणि त्यांनाही मेळ्यात खुर्ची हवी. म्हणून माझी एक अट: मेळ्यातली निदान निम्मी टेबले इथल्या माणसांनी स्वतः काढलेल्या, लिहिलेल्या, शिवलेल्या गोष्टींची असावीत. ती भरत नसतील, तर मेळा वर्षभर पुढे ढकलावा.

दुसरा आक्षेप पालकांचा: हे पोरकट आहे, अभ्यास बुडतो. पोरकट आहे हे मान्य. पोरांचेच आहे. पण जागेची परवानगी, पोलिसांना पत्र, हिशेब, भांडण मिटवणे, दोनशे माणसांच्या जेवणाचा अंदाज हे मेळ्यात शिकायला मिळते आणि शिकवणी वर्गात मिळत नाही.

तिसरा आक्षेप मुलांचाच: सगळे मोबाइलवर आहेच, भेटायचे कशाला? त्याला लांब उत्तर देण्याची गरज नाही. मोबाइलवर हजार जण ‘येतो’ म्हणतात. खुर्च्या उचलायला जे सात जण येतात, ते आपले.

8. सुरुवात कुठून

पहिल्या वर्षी कन्व्हेन्शन हा शब्द काढूच नये. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या गच्चीवर, ग्रंथालयाच्या खोलीत किंवा महाविद्यालयाच्या वर्गात बसावे. एक सिनेमा, एक चित्रकथा किंवा एक मालिका घेऊन वाद घालावा, कागद-पेन्सिल मध्ये ठेवावी, वर्गणी गोळा करावी आणि पुढच्या वेळी चहा कोण आणणार ते ठरवून उठावे. दुसऱ्या वर्षी वीस टेबलांचा मेळा. संत एकनाथ रंगमंदिर किंवा तापडिया नाट्यमंदिर भाड्याने घेण्याचा विचार तिसऱ्या वर्षी, तोही हिशेबाची वही पाहून.

हे करू पाहणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. सभागृहाची तारीख मागण्याआधी बारा नावे कागदावर लिहा आणि प्रत्येक नावासमोर त्या माणसाचे वर्षभराचे काम लिहा. ज्या नावासमोर ‘येईल आणि बघेल’ याशिवाय काही लिहिता येत नसेल, त्याच्यासाठी आधी काम शोधा. पाहुणा नंतर शोधता येईल.